३.०८ चा काळ

अमेरिकेतल्या जुन्या शेवरोले सबर्बनच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर असतो. त्यावरच्या कोडच्या गर्दीत 'जीयू-४' सापडला तर मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.०८, आणि 'जीटी-४' सापडला तर ३.७३. मिशिगनमध्ये माझी सगळी नोकरी गिअरच्या दातांमध्ये गेली. १९७३ नंतर अमेरिकेनं पेट्रोलसाठी काय काय केलं, ते मला या दोन कोडांत स्पष्ट वाचता येतं.

३.०८ म्हणजे पिनियन या लहान गिअरला १३ दात आणि तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या क्राउनला ४०. ३.७३ म्हणजे ११ आणि ४१. आकडा मोठा असेल तर चाकाला ओढ जास्त मिळते. पण तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरेही वाढतात आणि पेट्रोलही.

सबर्बन १९३५ पासूनची. अर्ध्या टनाच्या ट्रकच्या चासीवर आठ माणसांची पोलादी बॉडी चढवलेली. ती जन्मली कामासाठी, आणि पुढे घरोघरी गेली तीही बोट, घोड्यांचा ट्रेलर, सुट्टीतलं फिरतं घर ओढायला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. जानेवारी १९७४ मध्ये निक्सननी ताशी ५५ मैलांच्या मर्यादेवर सही केली. डिसेंबर १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा आला. १९७८ च्या मॉडेलपासून मोटारींना आणि १९७९ पासून हलक्या ट्रकांना गॅलनमागे मैलांचा हिशेब द्यावा लागला. नवं इंजिन घडवायला वर्षं लागतात, एक्सलमधली जोडी बदलणं त्यामानानं स्वस्त. म्हणून एक्सलचे आकडे खाली आले.

१९८२ मध्ये जनरल मोटर्सचा ७००आर४ हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. त्यातली हुशारी मला आजही आवडते. आधीच्या टीएच३५० चा पहिला गिअर २.५२; त्याला ३.७३ नं गुणलं की ९.४. नव्याचा पहिला ३.०६, त्याला ३.०८ नं गुणलं तरी ९.४! जागेवरून उठताना फरक जाणवायचाच नाही. फरक होता वरच्या टोकाला. चौथा गिअर ०.७०, म्हणजे एक्सल धरून अवघं २.१६. रिकामी गाडी सपाट हायवेवर निवांत धावायची. मागे बोट लावून चढाला लागली, की गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा वरखाली करायचा आणि तेल तापायचं.

मग मालक गॅरेज गाठायचे, ३.७३ बसवायला. फोर बाय फोर असली तर पुढचा एक्सलही तितक्याच गुणोत्तराचा करावा लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर पुढचं आणि मागचं एकमेकांशी झगडून मोडतोड होते. स्पीडोमीटरही सुधारावा लागतो.

हे काम बोटांचं आहे. पिनियन किती खोल बसवायचा ते पातळ शिमांनी ठरतं. क्राउनचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर साधारण सहा ते दहा हजारांश इंच आणायचा. पिनियनच्या बेअरिंगांमधली चेपणारी नळी प्रमाणाबाहेर आवळली तर ती फेकून नवीच घालायची. शेवटी दातांना रंग फासून क्राउन फिरवायचा आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघायचं. ठसा शेंड्याकडे किंवा मुळाकडे सरकला की सगळं पुन्हा सोडायचं. हे दात हायपॉइड असतात. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली असल्यामुळे दात एकमेकांवर दाबानं घासत जातात, म्हणून त्यांना खास तेल लागतं. ही हायपॉइड जोडी रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्यानं घडवली आणि पॅकार्डनं १९२६ मध्ये मोटारीत आणली. तिच्यामुळेच मोटारींचा तळ खाली बसला. त्या कारखान्याचं ऋण मोटारीच्या इतिहासात फार कमी मांडलं जातं, आणि मला ते खटकतं.

५५ मैलांची मर्यादा १९९५ मध्ये उठली. आता सबर्बनला दहा गिअर असतात. पहिलाच ४.७०, ३.२३ च्या एक्सलवरही तो १५ च्या वर ओढ देतो. नव्या गाडीची क्राउन-पिनियन बदलण्याचं कारण जवळपास उरलेलं नाही, आणि ठसा वाचणारे हातही कमी होत चालले आहेत.

तरीही कुणी ऐंशीच्या दशकातली सबर्बन ट्रेलर ओढायला घेत असेल, तर त्यानं आधी ग्लव्ह बॉक्स उघडावा. जीयू-४ दिसला तर ३.७३ चा खर्च धरूनच भाव करावा, आणि काम डायल गेज वापरणाऱ्याकडेच द्यावं.