घरभर फिरणारं ऊन पाणी



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या केंद्रावरचा सोलर चालेना. गच्चीवर ऊन कडक, सोलरची काच हाताला चटका देणारी, आणि टाकीतलं पाणी मात्र कोमट. केंद्रावर शिवणकाम शिकायला बाहेरगावच्या मुली येऊन राहतात. त्यांच्या आंघोळीसाठी रोज पहाटे लाकडं जाळावी लागू नयेत, म्हणून आम्ही बचतीतले पैसे घालून तो बसवला होता. बसवणारा माणूस तीनदा येऊन गेला आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, पंप बसवा. पंपाशिवाय पाणी फिरणार नाही.’ म्हणजे पंपाचे पैसे वेगळे, बिल वेगळं, आणि वीज तर दिवसातून कितीदा जाते ते तुम्ही जाणताच.

पंपाशिवाय पाणी फिरत नाही, हे खरं का? गटातल्या एकीची मुलगी तंत्रनिकेतनात शिकते. तिनं आणलेली पुस्तकं आम्ही तिच्याकडून वाचून, समजावून घेतली आणि भलतीकडेच जाऊन पोहोचलो. थेट बर्फाच्या देशात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांच्या तळघरात. आजच्या गप्पा त्याच्याच.

आधी आपला बंब आठवा. तांब्याचा, मधल्या नळीत ढलप्या आणि चिपाडं पेटवायचा. वरच्या नरसाळ्यातून गार पाण्याचा तांब्या ओतला की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. ओतलेलं गार पाणी नळीतून तळाशी जातं आणि वर जमलेल्या ऊन पाण्याला बाहेर ढकलतं. ऊन पाणी हलकं, गार पाणी जड. चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटायच्या आधीच पत्ती खालीवर फिरू लागते, तेही ह्याच कारणानं.

आता असं समजा, की चूल तळघरात आहे, तिच्यावर पाण्याची बंद लोखंडी टाकी आहे, आणि टाकीच्या डोक्यातून निघालेला पाईप घरभर फिरून पुन्हा टाकीच्या तळाशी येतोय. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढणार. खोल्यांमधून फिरताना आपली ऊब देणार, निवणार, जड होणार आणि दुसऱ्या पाईपनं उतरून पुन्हा चुलीपाशी येणार. खाली जाळ आहे तोवर हा फेरा चालूच. पंप नाही, वीज नाही. वीज तेव्हा घराघरांत आलेलीच नव्हती.

ही युक्ती माणसांच्या घरात यायच्या आधी कोंबड्यांच्या पिलांसाठी वापरली गेली, हे वाचून आम्हाला फार गंमत वाटली. आपल्यातल्या कितीतरी जणी अंडी उबवायला कोंबडी बसवतात. एकवीस दिवस एकसारखी ऊब राखणं किती अवघड, ते आपण जाणतो. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ झाँ सिमाँ बॉनमें नावाच्या गृहस्थानं १७७७ च्या सुमारास खुराड्याएवजी एक खोलीच केली आणि तिच्यातून ऊन पाण्याचे पाईप फिरवले. पाणी फिरायचं ते आपल्या आपण, हलकं-जड होऊन. पाणी फार तापलं तर? त्यासाठी त्यानं दोन धातूंची कांडी बसवली होती. एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. त्या फरकानं भट्टीत हवा जायची झडप कमी-जास्त उघडायची. रात्री उठून जाळ बघायला नको.

मग ही ऊब गेली श्रीमंतांच्या बागांत. इंग्लंडमध्ये डर्बीशायर भागात चॅट्सवर्थ नावाची मोठी जहागीर आहे. तिथला बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं १८४० च्या सुमारास काचेचं एक अवाढव्य घर उभं केलं, २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद. आत उष्ण देशांतली झाडं, बाहेर बर्फ. त्याला ऊब द्यायला जमिनीखाली आठ बॉयलर आणि सात मैल लांबीचे पाईप होते. कोळसा भुयारातल्या रुळांवरून यायचा, म्हणजे पाहुण्यांना ना कोळसा दिसावा ना तो ओढणारा माणूस. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते घर पाडलं. (जाता जाता सांगतो : ह्या जहागीरदारांचं आडनाव कॅव्हेंडिश. त्यांच्या बागेत पॅक्स्टननं वाढवलेल्या केळीला तेच नाव पडलं. जळगावकडची बसराई आणि ग्रँड नैन ह्या त्याच कॅव्हेंडिश गटातल्या केळी.)

साध्या मध्यमवर्गी घरांत हे पाणी पोहोचलं ते त्या शतकाच्या शेवटाकडे, जास्त करून अमेरिकेत आणि कॅनडात. बिडाचे ओतीव रेडिएटर निघाले. फासळ्यांसारख्या पोकळ नळ्यांचा हा सांगाडा खिडकीखाली ठेवायचा. त्याच्या आधी एकेका खोलीत एकेक शेगडी नाहीतर भिंतीतली चूल असे. सहा खोल्या तर सहा ठिकाणी कोळसा न्यायचा, सहा ठिकाणची राख काढायची. पैसेवाल्यांकडे ते मोलकरणी करत, बाकीच्या घरी घरच्या बायका. आता सहा चुलींची एक झाली आणि ती तळघरात गेली.

त्या पाण्याला फिरवणारा जोर किती असेल? आम्ही हिशेब करून बघितला. ८० अंशांवरचं एक लिटर पाणी ६० अंशांवरच्या एक लिटरपेक्षा साधारण अकरा ग्रॅमनी हलकं असतं. अकरा ग्रॅम म्हणजे दोन-अडीच चमचे साखर. एका मजल्याची, म्हणजे तीन मीटरची उंची धरली, तर घरभरचं पाणी ढकलायला मिळणारा जोर दोन बोटं उंच पाण्याच्या वजनाएवढा. बस्स.

एवढ्याशा जोरावर काम करायचं तर पाण्याच्या वाटेत खडाही चालत नाही. म्हणून ते पाईप जाड असत, बॉयलरजवळ तर तीन-चार इंची. पाईप कापला की आतली धार कानशीनं घासून गुळगुळीत करायची. आडव्या पाईपला उतार द्यायचा, दहा फुटांना साधारण एक इंच, म्हणजे पाण्यातली हवा अडकून न बसता वर निघून जाते. मधे कुठे पाईप आधी चढला आणि मग उतरला, की त्या उंचवट्यात हवा साठते आणि पाणी तिथंच अडतं. पाट काढणाऱ्या बाईला हे सांगायला नको. फक्त पाटात पाणी उताराकडे जातं, इथं ऊन पाणी चढाकडे जातं.

आणखी एक अडचण. पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरचं शंभर लिटर पाणी ८० अंशांवर जवळपास १०३ लिटर होतं. वरच्या तीन लिटरना जागा हवी, म्हणून माळ्यावर एक उघडी टाकी ठेवत. थंडीत ती टाकी किंवा तिचा पाईप गोठला तर फुगणाऱ्या पाण्याला वाटच राहत नसे, आणि खाली बॉयलर फुटायची भीती. घर तापवणाऱ्या वस्तूलाच थंडीपासून जपावं लागे.

शिवाय ऊन पाण्याची ओढ वरच्या मजल्याकडे. वरच्या खोल्या उकडणार आणि खालच्या गार राहणार. ह्यावर कारागिरांनी सोपा उपाय काढला. मुख्य पाईपच्या डोक्यावरून, जिथं सर्वांत ऊन पाणी असतं तिथून, खालच्या मजल्याचे फाटे काढायचे आणि वरच्या मजल्याचे फाटे बाजूनं काढायचे. कुणी वरच्या रेडिएटरच्या तोंडाशी लहान भोक पाडलेली चकती बसवत, म्हणजे तिकडे पाणी बेतानं जाई. बाहेरून ती चकती दिसत नाही. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

तळघरातल्या त्या एका चुलीपाशी कोण जायचं, हे मात्र पुस्तकांत फारसं सापडत नाही. बॉयलर कोणी काढला, झडप कोणी शोधली, त्यांची नावं आहेत. पहाटे जिना उतरून राख काढायची, फावड्यानं कोळसा घालायचा, रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे म्हणजे सकाळी विस्तव जिवंत मिळतो. आपल्या आज्या चुलीत हेच करत. १८८५ मध्ये मिनियापोलिस शहरात अल्बर्ट बट्झ यांनी एक यंत्र काढलं. खोली गार झाली की तळघरातल्या भट्टीची झडप त्यानं आपोआप उघडे. त्यानं वरखाली करायच्या खेपा वाचल्या. राख मात्र तशीच राहिली. यंत्रांच्या इतिहासात राखेचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं आहे.

मग पंप आला. १९२८ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंड इथं विल्हेल्म ओप्लेंडर यांनी पाईपच्या वाकात विजेवर फिरणारा पंखा बसवला. पाणी जोरानं ढकलता आलं, तसे पाईप बारीक झाले, स्वस्त झाले आणि वाटेल तसे वळवता येऊ लागले. उतार, चढ, कानस, सगळ्याची गरज कमी झाली आणि ते ज्ञानही विसरलं गेलं. नंतरच्या काळात जुन्या घरांच्या जाड पाईपांना लोकांनी पंप जोडले, तर कधी कधी खालचा मजला तापे आणि वरचा गारठून जाई. कारण त्या चकत्या! बसवणारा कारागीर केव्हाच गेलेला आणि घरात कुणाला काही सांगून ठेवलेलं नाही. नव्या माणसानं पंप मोठा करावा, बॉयलर बदलावा, पैसे घ्यावेत, आणि चकती तिथंच.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं.

कारण आपल्या छपरांवरचा साधा सोलर ह्याच तत्त्वावर चालतो. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी उन्हात तापणारी पेटी खाली ठेवली आणि ऊब राखणारी टाकी तिच्या वर. भट्टीच्या जागी सूर्य, बाकी सगळं तेच. टाकीचा तळ पेटीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच हवा, नाहीतर रात्री फेरा उलटा चालून पाणी निवतं. पेटीतून टाकीकडे जाणारा पाईप सबंध वाटभर चढता हवा. काचेच्या नळ्यांच्या नव्या सोलरमध्ये नळ्याच टाकीत घुसवलेल्या असतात, तिथं हा पाईप नसतो. आमचा जुन्या पद्धतीचा, चपट्या पेटीचा.

आमच्या गटात एक वयस्कर मैत्रीण आहेत, सगळ्या त्यांना अक्का म्हणतात. सारा जन्म दारं धरण्यात गेला. त्या काठी टेकत गच्चीवर आल्या. पेटीपासून टाकीपर्यंत पाईपवरून हात फिरवत गेल्या आणि कठड्यापाशी थांबल्या. तिथं पाईप कठड्यावरून चढवून पलीकडे वीतभर खाली उतरवला होता आणि मग टाकीत नेला होता. ‘अगं, इथं उंचवटा झालाय बघा,’ त्या म्हणाल्या. ‘हवा बसलीय त्यात.’

गावातल्याच एका मुलाकडून आम्ही कठड्याला भोक पाडून घेतलं. अक्कांनी पेटीपासून टाकीपर्यंत दोरी ताणून भिंतीवर गेरूनं तिरकी रेघ मारली आणि पाईप त्या रेघेवरूनच न्यायला लावला. पंप घेतला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींनी तोटी उघडली, तर खाली हात धरवेना.

ती रेघ पुसायची नाही, असं गटाच्या बैठकीत ठरलंय आणि वहीत तसं लिहूनही ठेवलंय. पुढे कोणीही दुरुस्तीला आला, तर त्याला आधी गच्चीवर नेऊन ती दाखवायची.