गोदावरी : धम्माच्या वाटेवरची आपली नदी

आपल्या नायगाव तालुक्यात राहेरच्या काठाने गोदावरी वाहते. पण ही नदी आपल्याला बहुधा तीर्थ, कुंभमेळा आणि पापक्षालन एवढ्यापुरतीच सांगितली जाते. तिची दुसरी ओळख बौद्ध युवकांना असावी, म्हणून काही नोंदी.

लांबी व खोरे : त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम. लांबी सुमारे १,४६५ किमी. भारतात गंगेखालोखाल सर्वांत लांब नदी. खोरे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास १० टक्के.

सुत्तनिपातातील गोदावरी : पारायनवग्गानुसार बावरी हा ब्राह्मण आचार्य अस्सक प्रदेशात गोदाकाठी राहत होता. त्याने आपले १६ शिष्य भगवान बुद्धांकडे पाठवले. त्यांच्या वाटेवरचे पहिले ठिकाण पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण. राजगृहाजवळ त्यांनी बुद्धांना प्रश्न विचारले. पहिला प्रश्न अजिताचा होता.

अस्सक जनपद : सोळा महाजनपदांपैकी गोदावरीच्या खोऱ्यातले हे एकच. त्याची राजधानी म्हणजे आपल्या बिलोलीपलीकडचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात.

पाणी आणि पाप : थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक-कासवेही स्वर्गात जातील, असे तिने नदीत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला सुनावले.

नाशिकचा काठ : इथे सातवाहनकालीन शिलालेख असलेली त्रिरश्मी बौद्ध लेणी आहेत. याच शहरात, गोदाकाठच्या पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला.

आजचा पाणीप्रश्न : धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे ऐन पावसाळ्यात पाणी अडवता येत नाही. लातूरची मांजरा ही गोदावरीचीच उपनदी. तरी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पाणी पवित्र की अपवित्र, हा आपला प्रश्न नाही. ते कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी हाच हक्क बजावला. आपल्या गावात वस्तीपर्यंत नळ आला का, तो किती दिवसांआड येतो, टंचाईत टँकर आधी कुठे थांबतो, याची नोंद ठेवू आणि ती ग्रामसभेत मांडू.