मेटॅलिका नेमका कधी विकला गेला?

३ मे २००० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ गावात, नॅपस्टर या कंपनीच्या कार्यालयासमोर लार्स उलरिक येऊन उभा राहिला. मेटॅलिका या बँडचा हा ड्रमर. सोबत खोकी होती आणि खोक्यांत याद्या होत्या. नॅपस्टरवरून मेटॅलिकाची गाणी एकमेकांना फुकट देणाऱ्या तीन लाखांहून जास्त लोकांची टोपणनावं त्यांत छापलेली होती. या सगळ्यांना बंद करा, अशी त्याची मागणी होती. बाहेर पत्रकार होते, तसे चिडलेले चाहतेही होते. आता यादीतली ही माणसं कोण? बहुतेक सगळी मेटॅलिकाचे श्रोतेच. ज्याला बँड आवडत नाही तो त्याची गाणी कशाला गोळा करेल?

'मेटॅलिका विकला गेला' हा आरोप तोवर सोळा वर्षं जुना झाला होता. आजही, बँड चाळिशी ओलांडून पुढे गेल्यावर, दोन मेटलवेडे भेटले की हा वाद निघतोच. एक म्हणतो, १९९१च्या काळ्या अल्बमपासून हे संपले. दुसरा म्हणतो, छे, १९९६ला केस कापले तेव्हा. तिसऱ्याच्या मते १९८६नंतर काही ऐकण्यासारखं नाहीच. या तारखा ओळीने मांडून पाहिल्या, तर वाद आवाजाबद्दल कितपत आहे अशी शंका येऊ लागते.

मराठीत 'विकला गेला' म्हटलं की पुढारी किंवा पत्रकार डोळ्यांसमोर येतो. मेटलच्या चाहत्यांच्या तोंडी मात्र या शब्दाला 'बाटला' अशी छटा आहे. पैसे घेतले एवढाच तो राग नसतो. आपल्या पंगतीतून उठून 'त्यांच्या' पंगतीत जाऊन बसला, हा खरा राग. तेव्हा 'ते' कोण आणि 'आपण' कोण, हे आधी पाहायला हवं.

बँड सुरू झाला १९८१मध्ये लॉस एंजेलिसला. डेन्मार्कहून आलेल्या उलरिकने स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि जेम्स हेटफील्ड त्याला भेटला. त्या शहरात तेव्हा ग्लॅम मेटलची चलती होती: फुगवलेले केस, चेहऱ्यावर रंग, सोप्या चालींची पार्टीछाप गाणी. मेटॅलिकाला ब्रिटिश मेटलचा जडपणा आणि हार्डकोअर पंकचा वेग एकत्र हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं फारसं जमलं नाही. क्लिफ बर्टन हा बेसवादक त्यांना हवा होता, पण तो सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर सोडायला तयार नव्हता; म्हणून १९८३च्या सुरुवातीला बँडच तिकडे हलला. ग्लॅमवाले म्हणजे 'ते', हे समीकरण तिथल्या चाहत्यांच्या मनात पक्कं बसलं.

आणि 'आपण' कोण, हे ठरवलं कॅसेटने. १९८२मध्ये बँडने 'नो लाइफ टिल लेदर' नावाचं सात गाण्यांचं कच्चं ध्वनिमुद्रण केलं. ते दुकानात विकायला नव्हतंच. ते फिरलं टपालाने. एकाने कॅसेटची नक्कल करून दुसऱ्या गावी पाठवायची, त्याने तिच्यावरून आणखी दोन करायच्या, बदल्यात आपल्याकडची एखादी पाठवायची. नकलेची नक्कल होता होता घरघर वाढायची, पण गाणं पोचायचं. अशीच एक कॅसेट न्यू जर्सीत जुन्या बाजारात रेकॉर्डचं दुकान थाटलेल्या जॉन झझुलापर्यंत गेली. त्याने पोरांना पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतलं आणि कोणतीही कंपनी त्यांना घेईना तेव्हा स्वतःच मेगाफोर्स ही कंपनी काढली. जुलै १९८३मध्ये पहिला अल्बम 'किल 'एम ऑल' आला तो असा. रेडिओ नाही, टीव्ही नाही. फुकट वाटलेल्या कॅसेटींच्या जोरावर बँड उभा राहिला. त्या काळच्या चाहत्याला 'हा बँड आम्ही उभा केला' असं वाटलं, तर त्यात फुशारकी फार नव्हती.

पहिला आरोप झाला तो वर्षभरातच. १९८४च्या 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' नावाचं गाणं होतं. सुरुवात साध्या अकूस्टिक गिटारने, संथ चाल, मृत्यूची इच्छा करणारे शब्द. झालं! वेगाच्या उपासकांनी बोंब मारली की हे मवाळ झाले. त्याच वर्षी इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीशी करार झाल्याने संशयाला पुरावाही मिळाला. आज हेच गाणं जुन्या, 'अस्सल' मेटॅलिकाचा मानबिंदू मानलं जातं.

१९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स' व्हिडिओविना आणि रेडिओच्या फारशा मदतीविना अमेरिकेत पाच लाखांवर खपला. मग २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि क्लिफ बर्टन गेला. वय अवघं चोवीस. पुढच्या प्रत्येक वादात 'क्लिफ असता तर हे होऊ दिलं नसतं' हे वाक्य येत राहिलं. मेलेला माणूस शुद्धतेचा राखणदार म्हणून सोयीचा असतो. त्याला आपलं मत बदलता येत नाही. प्रत्यक्षात या चौघांत सोवळेपणा सर्वांत कमी असलेला माणूस क्लिफच होता. घट्ट जीन्सच्या जमान्यात तो बेल-बॉटम घालायचा, बाख ऐकायचा, आर.ई.एम. ऐकायचा. स्वरमेळाची समज बँडमध्ये आली ती मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळे. ज्या 'फेड टू ब्लॅक'वरून पहिली बोंब झाली, त्याच्या रचनेतही त्याचं नाव आहे.

१९८९च्या सुरुवातीला बँडने आपला पहिला व्हिडिओ काढला, 'वन' या गाण्यावर. युद्धात हातपाय, डोळे, कान सगळं गमावलेल्या सैनिकाची ती गोष्ट, सोबत 'जॉनी गॉट हिज गन' या सिनेमातली दृश्यं. एमटीव्हीवरच्या तेव्हाच्या चकचकाटात याहून बेचव वाटणारा माल सापडला नसता. तरी एमटीव्हीवर गेले म्हणजे गेले, असं म्हणणारे होतेच.

मग आला ऑगस्ट १९९१. काळ्या मुखपृष्ठाचा, बँडचंच नाव असलेला अल्बम. निर्माता बॉब रॉक. दोनच वर्षांपूर्वी त्याने मॉटली क्रू या बँडचा 'डॉ. फीलगुड' घडवला होता. मॉटली क्रू म्हणजे लॉस एंजेलिसच्या ग्लॅमचा झेंडा. शत्रूच्या गोटातला सुतार घरात आणल्यासारखं चाहत्यांना वाटलं यात नवल नाही. शिवाय गाणी आखूड झाली, वेग उतरला. आधीच्या अल्बममध्ये दहा मिनिटांच्या घरात जाणारी, वळणावळणाने चाल बदलणारी गाणी होती. ती मंचावर वाजवताना समोरचे लोक कंटाळलेले दिसत, असं बँडमधल्यांनीच पुढे सांगितलं आहे. बॉब रॉकने चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं आणि हेटफील्डला आरडाओरडा सोडून गायला लावलं. 'नथिंग एल्स मॅटर्स' हे चक्क प्रेमगीत त्यात होतं. अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि पुढच्या काही दशकांत तिथे त्याच्या दीड कोटींहून जास्त प्रती खपल्या.

इथे भारताचा धागा जुळतो. १९९१नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आपल्याकडे आलं. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या किती तरी पोरांना मेटॅलिका पहिल्यांदा भेटला तो 'एंटर सँडमन'मधून. 'किल 'एम ऑल' त्यांनी नंतर, मित्राच्या थोरल्या भावाकडून कॅसेट मागून ऐकला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चाहत्याला जिथे ऱ्हास सुरू झाला असं वाटलं, तिथे आपल्याकडच्या श्रोत्याची सुरुवात झाली. त्याच्यासाठी जुनं आणि नवं एकाच फडताळात शेजारी शेजारी होतं. बँड एकच, अल्बम तेच; तरी 'तेव्हाचा अस्सल मेटॅलिका' कोणता हे प्रत्येकाच्या वयावर आणि गावावर ठरत गेलं. आपण पंधरा-सोळाचे असताना जे ऐकलं ते शुद्ध आणि त्यानंतरचं भेसळीचं, हा हिशोब जगभर चालतो.

१९९६च्या 'लोड'ने मात्र कानांबरोबर डोळ्यांनाही धक्का दिला. केस कापलेले, डोळ्यांत काजळ, अँटन कॉर्बाइनने काढलेली फॅशनच्या मासिकात शोभतील अशी छायाचित्रं, टोकदार जुन्या बोधचिन्हाची धार बोथट केलेली. संगीत ब्लूज आणि दक्षिणी रॉककडे झुकलेलं. चेहऱ्याला रंग लावणाऱ्यांना हसत जो बँड मोठा झाला, त्यानेच काजळ घातलं! या वेशात आपलं पूर्ण मन नव्हतं, असं हेटफील्डनेही पुढे मुलाखतींत कबूल केलं. म्हणजे चाहत्यांच्या नाकाला आलेला वास अगदीच खोटा नव्हता. पण त्याच अल्बमात आईच्या मरणावरचं 'मामा सेड' आहे, आणि हेटफील्डने तोवर इतक्या उघडपणे क्वचितच लिहिलं होतं. एकाच तबकडीवर पवित्रा आणि प्रामाणिकपणा दोन्ही सापडतात, मग निकाल कसा लावायचा?

पुढचा इतिहास तर या आरोपाची फिरकीच घेतो. २००३च्या 'सेंट अँगर'मध्ये एकही गिटार सोलो नाही आणि ड्रमचा आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. खपाऊ माल असा कोणी बनवत नाही. तरी 'नव्या फॅशनच्या मागे लागले' असं ऐकावं लागलं. २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये ते जुन्या शैलीकडे वळले, तेव्हा जुनं विकून खातात अशी कुजबुज झाली. २०११मध्ये लू रीडबरोबर 'लुलू' केला, जो बहुतेकांना ऐकवेना. पैशासाठीच सगळं करणाऱ्याने 'लुलू' का करावा, याचं उत्तर 'विकले गेले'वाल्यांकडे नाही. बदललं तर बाजारासाठी, नाही बदललं तर तेही बाजारासाठी. ज्या आरोपातून सुटायला कोणतीच वाट नाही, त्यातून आरोपीबद्दल फारसं काही कळत नाही. 'हो, आम्ही सेल-आऊट आहोत. प्रत्येक कार्यक्रमाची सगळी तिकिटं विकली जातात', असं उत्तर जेसन न्यूस्टेड या बेसवादकाच्या नावावर सांगितलं जातं. त्यातला वैताग समजण्यासारखा आहे.

मग चाहते चूकच होते का? आवाजाबाबत, माझ्या मते, बहुतेक वेळा हो. पण म्हणूनच सॅन मटेओतल्या त्या खोक्यांपाशी परत यावंसं वाटतं.

खटल्याचं निमित्त होतं 'आय डिसअपिअर' हे 'मिशन : इम्पॉसिबल २' या सिनेमासाठीचं गाणं. ते पूर्ण होण्याआधीच नॅपस्टरवर पोचलं आणि तिथून रेडिओवर वाजू लागलं. उलरिकचं म्हणणं साधं होतं. गाणं आमचं आहे, ते कधी आणि कसं बाहेर पडावं हे आम्ही ठरवू. जुलै २०००मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोरही त्याने बाजू मांडली. कायद्याने ती भक्कम होती. वर्षभरात नॅपस्टर बंद पडलं. कॅसेटच्या देवघेवीशी या प्रकाराची तुलना पूर्ण जुळत नाही, हेही मान्य करायला हवं. कॅसेट एकेक करून, वेळ घालवून, टपालखर्च सोसून जायची आणि प्रत्येक नकलेत थोडी झिजायची. नॅपस्टरवरची नक्कल झिजत नव्हती आणि एका रात्रीत लाखांना मिळत होती. आज गाणी ऐकून संगीतकारांच्या हाती किती थोडं पडतं ते पाहिलं, की उलरिकला पुढचं दिसत होतं असंही म्हणता येतं.

पण यादी करणं ही वेगळी गोष्ट आहे. 'नो लाइफ टिल लेदर' ज्यांनी नकला करून गावोगाव पाठवला, त्यांची अशी यादी १९८२मध्ये कोणी केली असती, तर मेटॅलिका सुरूच झाला नसता. ज्या देवघेवीने बँड जन्माला घातला, तिच्याच धाकट्या भावंडांची नावं छापून बँडने ती खोक्यांत भरून नेली. कंपनीवर खटला भरण्याने हे नातं तुटलं नसतं. श्रोत्यांची नावं पुढे केल्याने ते तुटलं. संथ गाणं, व्हिडिओ, काजळ यांपैकी कशानेही चाहत्याचा हक्क गेला नव्हता, कारण बँडने काय वाजवावं यावर त्याचा हक्क कधी नव्हताच. त्याचा हक्क होता तो 'आपण' या शब्दात मोजलं जाण्याचा. तो त्या दिवशी नाकारला गेला.

डिसेंबर २०१२मध्ये मेटॅलिकाची गाणी स्पॉटिफायवर आली. न्यूयॉर्कमधल्या त्या घोषणेच्या वेळी लार्स उलरिकच्या शेजारी शॉन पार्कर होता, नॅपस्टरच्या संस्थापकांपैकी एक आणि आता स्पॉटिफायचा गुंतवणूकदार. दोघांनी हसून हात मिळवले. जुनं वैर मिटलं हे चांगलंच झालं. यादीतल्या तीन लाखांपैकी कोणाला मात्र त्या मंचावर बोलावणं नव्हतं.

त्याच्या वर्षभर आधी, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, मेटॅलिका बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला. दोन दिवसांपूर्वी गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली होती. बंगळुरूला दूरदूरच्या शहरांतून माणसं आली होती. त्यांत नकलेच्या नकलेवर हा बँड ऐकून मोठे झालेले चाळिशीतले होते आणि इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेली पोरंही होती. हेटफील्डने नेहमीप्रमाणे 'मेटॅलिका परिवार' म्हणून त्यांना साद घातली असेल, तर तेही नेहमीप्रमाणे ओरडले असतील. परिवारात कोण मोजलं जातं, हा प्रश्न तेवढ्यापुरता कोणी काढला नसणार.