छोटी प्राइम लेन्स घ्यावी का? पैसे मोजण्याआधी हे तपासा

घरात वाढदिवस आहे. केकवरची मेणबत्ती पेटवली, ट्यूबलाइट बंद केली, मुलीने फुंकर मारली आणि नेमका तोच फोटो हलला. कॅमेरा चांगला, त्याच्यासोबत आलेली लेन्सही ठीकठाक, तरी चेहरा पुसट. मग ओळखीतलं कोणीतरी सांगतं, "फिफ्टी घे, फोटोच बदलून जातील."

हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. छोट्या प्राइम लेन्सने काही फोटो खरोखर सुधारतात आणि काहींना तिचा काडीचाही उपयोग होत नाही. तुमचे फोटो कोणत्या गटातले आहेत, हे लेन्स घेण्याआधी घरबसल्या कळू शकतं.

प्राइम लेन्स म्हणजे काय?

शाळेच्या विज्ञानात भिंगाचं नाभीय अंतर शिकवतात. कॅमेऱ्याच्या भाषेत तीच फोकल लेंथ. कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ मिमीची झूम लेन्स मिळते, तिला किट लेन्स म्हणतात. तिची फोकल लेंथ रिंग फिरवून बदलता येते. प्राइम लेन्सची फोकल लेंथ एकच असते. झूम नाही, त्यामुळे माणूस जवळ हवा असेल तर आपणच पुढे जायचं.

झूमची यंत्रणा नसल्याने अशी लेन्स लहान, हलकी आणि तुलनेने स्वस्त बनवता येते. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही २०१५ मध्ये आलेली लेन्स १६० ग्रॅमची आहे. २०१२ ची ४० मिमी एफ/२.८ आणि २०१४ ची २४ मिमी एफ/२.८ या दोन लेन्स तर जेमतेम २३ मिमी जाडीच्या आहेत. इतक्या चपट्या लेन्सला 'पॅनकेक' असं नाव पडलं आहे. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स २००९ पासून याच कारणांसाठी लोकप्रिय आहे.

एफ/१.८ चा फायदा नेमका किती?

एफच्या पुढचा आकडा लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त.

किट लेन्स ५० मिमीला नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. त्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स सुमारे साडेनऊ पट उजेड आत घेते. किट लेन्सने शटर स्पीड १/१५ सेकंद मिळत असेल, तर त्याच खोलीत, त्याच आयएसओवर ५० मिमी प्राइमने १/१२५ सहज मिळतो. फुंकर मारणाऱ्या मुलीचा चेहरा १/१५ ला हलतो, १/१२५ ला बहुधा हलत नाही. "फोटो बदलून जातील" या वाक्यामागे हे गणित आहे.

पण प्रत्येक प्राइमला हे गणित लागू पडत नाही. २४ मिमीला किट लेन्स साधारण एफ/४ पर्यंत उघडते. तिथे एफ/२.८ ची पॅनकेक घेतली, तर उजेड फक्त दुप्पट होतो आणि १/१५ चा १/३० होतो. पळणारं मूल १/३० लाही हलतंच. म्हणून २४ मिमीची पॅनकेक घ्यायची तर लहान आकारासाठी घ्यावी. अंधारातले फोटो सुधारतील या आशेने घेतली तर निराशा होईल.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच किट लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं इमेज स्टॅबिलायझेशन असतं. वर सांगितलेल्या चारही प्राइम लेन्समध्ये ते नाही. त्यामुळे देव्हारा, वाड्यातला दरवाजा किंवा संध्याकाळचं देऊळ अशा स्थिर विषयांना किट लेन्सही छान चालते. प्राइमची खरी गरज लागते ती कमी उजेडात हलणाऱ्या माणसांसाठी.

दहा बाय दहाच्या खोलीत काय मावतं?

सर्वाधिक पस्तावा इथे होतो. सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असतो. त्यामुळे दृश्य कापलं जातं आणि कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी वागते.

समजा, खोली दहा फुटांची आहे आणि भिंतीला पाठ टेकवून आठ फुटांवरच्या माणसाचा फोटो घ्यायचा आहे. फ्रेमच्या लांब बाजूत साधारण एवढं मावतं:

- ५० मिमी: साडेतीन फूट
- ४० मिमी: साडेचार फूट
- ३५ मिमी (निकॉन डीएक्स): सव्वापाच फूट
- २४ मिमी: जवळजवळ साडेसात फूट

म्हणजे ५० मिमीने कॅमेरा उभा धरला तरी उभ्या माणसाचं डोक्यापासून कमरेच्या जरा खालपर्यंतच येतं. बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायका, गौरींची आरास किंवा घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो या लेन्सने खोलीत निघत नाही. हॉलमध्ये, अंगणात किंवा गच्चीवर मात्र तीच लेन्स एकट्या माणसाचा अतिशय देखणा फोटो देते. घर लहान असेल आणि घरातलेच फोटो काढायचे असतील, तर निकॉनवाल्यांसाठी ३५ मिमी हा बराच समजूतदार मध्यम मार्ग ठरतो.

पाठीमागचं धूसर होतं, पण नाकही होतं

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की मागची पार्श्वभूमी धूसर होते आणि अनेकांना तेच हवं असतं. पण अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा असतो. डोळा स्पष्ट आला तर नाकाचा शेंडा धूसर होऊ शकतो. दोन माणसं मागेपुढे उभी असतील, तर त्यातलं एकच नीट येतं. म्हणून जाणकार अनेकदा एफ/२.२ किंवा एफ/२.८ वापरतात. एफ/२.८ ला उजेडाचा फायदा साडेनऊ पटींवरून चौपटीवर येतो, हेही लक्षात ठेवावं.

प्राइम लेन्स जास्त 'शार्प' असते, हेही ऐकायला मिळतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला जाणार असेल, तर तो बराच लहान होतो आणि हा फरक सहसा दिसत नाही. न हललेला चेहरा मात्र मोबाइलवरही लगेच जाणवतो.

घरबसल्या करायची तपासणी

१. गेल्या वर्षभरातले आवडलेले शंभर फोटो निवडा. फोटोच्या 'डिटेल्स'मध्ये फोकल लेंथ दिसते. बहुतेक १८ ते २४ च्या दरम्यान असतील, तर ५० मिमी तुमच्यासाठी नाही. ३५ ते ५५ च्या आसपास असतील, तर पुढे जायला हरकत नाही.

२. आता फसलेले फोटो पाहा. सगळंच दृश्य हललं असेल, तर दोष हाताचा आहे. स्टॅबिलायझेशन चालू करा किंवा ट्रायपॉड वापरा. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस हललेला असेल, तर मोठं अ‍ॅपर्चर उपयोगी पडेल.

३. आठवडाभर किट लेन्स ५० मिमीच्या आसपास ठेवा आणि झूम रिंगला चिकटपट्टी लावा. मग ३५ वर ठेवून तेच करा. वारंवार भिंतीला पाठ लागत असेल, तर निर्णय झाला म्हणून समजा.

४. तरीही शंका असेल, तर एखाद्या कार्यक्रमापुरती लेन्स भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात अशी सोय आहे.

घेताना काय पाहावं?

सर्वांत आधी माउंट जुळतो का ते पाहा. कॅननची आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. उलट जुनी ईएफ लेन्स नव्या आरएफ कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर लावून चालते. निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते, पण तिच्यात ऑटोफोकसची मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्येही ती मोटर नसल्याने दर वेळी हातानेच फोकस करावा लागतो.

वापरलेली लेन्स घेत असाल, तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ही अडचण नेहमीची आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी टाळावी. नवी लेन्ससुद्धा पावसाळ्यात कपाटात नुसती पडू न देता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी.

थोडक्यात

घरातली हलणारी-बागडणारी मुलं, स्टेजवरचे कलाकार किंवा एकट्या माणसांचे चेहरे टिपायचे असतील आणि मागे सरकायला जागा असेल, तर एफ/१.८ ची छोटी प्राइम पैसे वसूल करते. पाठीवर कमी वजन घेऊन फिरायचं असेल, तर पॅनकेक सोयीची. कुटुंबाचे एकत्र फोटो, लहान खोल्या आणि निसर्गदृश्यं हेच मुख्य विषय असतील, तर किट लेन्स पुरेशी आहे. त्यापेक्षा छताकडे वळवता येणारा फ्लॅश घेतला, तर वाढदिवसाचा पुढचा फोटो हलण्याची शक्यता बरीच कमी होईल. फक्त मेणबत्तीच्या उजेडाची मजा त्यात येणार नाही.