पाणचक्की ते स्टार्टर : यंत्र थांबवण्याचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतील लहान वर्कशॉपमध्ये लेथशेजारी एक लोखंडी पेटी हमखास दिसते. एक हिरवे बटण, एक लाल. कामगार तिला ‘स्टार्टर’ म्हणतात. यंत्र सुरू करणे हे तिचे अर्धेच काम. उरलेल्या अर्ध्या कामाचा इतिहास या थ्रेडमध्ये.

२/ या शहराला यंत्रशक्ती नवी नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीसाठी शहराबाहेरील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणले गेले. उंचावरून पडणारे पाणी पाती फिरवी आणि जाते चाले. येथे शक्तीचा उगम डोळ्यांना दिसत होता. पाणी अडवले की जाते थांबे.

३/ १८८९ साली शहरात कापसाची गिरणी उभी राहिली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेचे इंजिन एकीकडे असे. छताखालून लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून उतरलेले चामडी पट्टे एकेक यंत्र चालवीत. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की आपले यंत्र थांबे, शाफ्ट मात्र फिरतच राही. सैल धोतर किंवा सदऱ्याची बाही त्यात अडकली, तर इंजिनघरापर्यंत हाक पोहोचेतो उशीर झालेला असे.

४/ ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण बंधनकारक केले. परंतु तो शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. शिवाय औरंगाबाद निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. संरक्षणाची हद्द राज्याच्या हद्दीशी संपत होती.

५/ दरम्यान युरोपात १८८९ च्या सुमारास मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची मोटर व्यवहारात आणली. महाराष्ट्रात १९१५ साली टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. प्रारंभी मोटरने जुनाच शाफ्ट फिरवला. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली आणि छताखालचे पट्टे हळूहळू नाहीसे झाले.

६/ हा मोठाच लाभ होता. यंत्र थांबवण्याची जागा आता कामगाराच्या हाताशी आली. मात्र त्याबरोबर धोक्याचे रूपही पालटले. फिरणारा पट्टा दिसतो, त्याचा आवाज येतो. मोटरच्या आतील तारेचे आवरण झिजून लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती ना दिसते, ना ऐकू येते. स्पर्श झाल्यावरच तिचा पत्ता लागतो.

७/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्यूज माणसाला वाचवण्यासाठी नसतो. तो तार आणि यंत्र वाचवतो. दहा अँपिअरचा फ्यूज उडायला दहा अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला काही दशक मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे त्याचा शेकडोवा अंश. आणि फ्यूजच्या जागी जाड तार लावली, तर यंत्रही निराधार होते.

८/ म्हणूनच १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ६१ वा नियम मोटरच्या अंगाला जमिनीशी जोडण्यास सांगत होता. तेही एका नव्हे, दोन स्वतंत्र जोडण्यांनी. त्यामागील विचार साधा आहे : एक जोडणी गंजली वा तुटली, तर कोणालाही कळत नाही. यंत्र पूर्ववत चालते. दुसरी जोडणी त्या न कळलेल्या बिघाडासाठी असते.

९/ १९४८ चा कारखाने अधिनियम जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जगांना एकत्र पाहत होता. त्याचे कलम २१ शाफ्टबरोबर मोटरभोवतीही कुंपण मागत होते. कलम २२ चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला सांगत होते. कलम २४ मध्ये पट्टा सरकवण्याच्या साधनाशेजारीच, प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीत शक्ती तोडण्याची सोय सांगितली होती.

१०/ मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. चिकलठाणा उभे राहिले, १९८० च्या दशकात वाळूज. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग करणाऱ्या शेडचे जाळे विणले गेले. मूळ अधिनियमात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची अट होती. चार-पाच जणांच्या शेडला आधार उरला तो वीज नियमांचा आणि त्या पेटीचा.

११/ आता त्या पेटीचे उरलेले अर्धे काम. आत एक ‘नो-व्होल्ट कॉइल’ असते. वीज असेतो ती संपर्क धरून ठेवते. वीज गेली की सोडते, आणि वीज परतली तरी आपण होऊन पुन्हा धरत नाही. माणसाने हिरवे बटण दाबावेच लागते. समजा, वीज गेली म्हणून कामगाराने प्रेसमध्ये अडकलेला तुकडा काढायला हात घातला. त्याच क्षणी वीज परतली, तर तो हात ही कॉइल वाचवते.

१२/ भारनियमनाच्या काळात मराठवाड्याच्या शिवारांत या सोयीला वळसा घालणारे साधन रुजले : ‘ऑटो’. रात्री-अपरात्री वीज आली की कृषिपंप आपोआप सुरू. रात्रीची पायपीट वाचवणारी ही युक्ती समजण्यासारखी आहे. परंतु सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार पडतो. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढण्याचे आवाहन करत आले आहे. लेथ किंवा प्रेसला हीच सवय लागली, तर भार माणसाच्या बोटांवर पडतो.

१३/ पाणचक्कीपासून आजपर्यंत शक्तीचे उगम बदलले, वेग वाढला. सुरक्षेचा मूळ प्रश्न बदलला नाही : यंत्र कधी सुरू होईल आणि कधी थांबेल, हे त्याच्याजवळ उभा असलेला माणूस ठरवतो का? वर्कशॉप पाहताना हे तपासणे सोपे आहे. वीज गेली, परत आली. कोणी बटण न दाबता यंत्र फिरू लागले, तर तेथे लाल-हिरवी बटणे असूनही स्टार्टर नाही, असेच समजावे.