छापील वेग आणि खरा वेग : सेलेरॉन ३००ए

पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्या पेंटियमशी जोडले जाते, तो प्रोसेसर १९९३ मध्ये ६० व ६६ मेगाहर्ट्झ वेगाने आला. १९९८ मध्ये इंटेलने स्वस्त सेलेरॉन ३००ए काढला आणि ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडणाऱ्यांच्याही कामाचा झाला.

हिशोब सोपा आहे. बसचा वेग ६६, गुणक ४.५, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. लबाड व्यापारी चिपवर जादा वेग छापून विकत, म्हणून गुणक कारखान्यातच बंद केलेला असे. बसचा वेग मात्र मदरबोर्डवर ठरे. तो १०० केला की ४५०! पेंटियम-२ ची कॅशे वेगळ्या चिपांवर, निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची १२८ केबी कॅशे त्याच चिपवर, पूर्ण वेगाची. म्हणून स्वस्त चिप महागड्या भावंडाच्या जवळ पोहोचे. छापील वेग हा बाजाराचाही निर्णय असतो, तो असा.

हा वेग फुकट नव्हता. उष्णता वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : दीडपट वेग आणि २.० ऐवजी २.२ व्होल्ट म्हणजे सुमारे १.८ पट. आजचे प्रोसेसर तापमान पाहून स्वतःच वेग वाढवतात. त्यामुळे नव्या चिपांत वापरकर्त्यासाठी फारसे उरत नाही.