वेडें रोप आणि झोंपलेला बटाटा

नागझिऱ्याच्या जंगलाभोंवतालचीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या धानावर जगत आलीं आहेत. बटाटा मूळचा इकडचा नव्हे; तो पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि नांवही त्यांच्याच भाषेंतून घेऊन आला. तरी धानाच्या एका रोगानें बटाट्याच्या शेतीला मोठी देणगी दिली, ही हकीकत श्रोत्यांस नवलाची वाटेल.

जपानांत भातखाचरांतील कांहीं रोपें एकाएकीं उंच, फिकट व लुकडीं होत आणि बहुधा दाणा न धरतां मरत. शेतकरी त्यांस ‘बाकानाए’, म्हणजे वेडें रोप, म्हणत. १९२६ सालीं तैवान बेटांत काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनीं दाखविलें कीं, रोगाच्या बुरशीचा गाळलेला द्रव दिला तरी निरोगी रोपें तशींच वाढतात. १९३५ सालीं तेजिरो याबुता यांनीं त्यांतील द्रव्यास ‘जिबरेलीन’ हें नांव दिलें, व १९३८ सालीं सुमिकी यांच्यासह त्याचे स्फटिक मिळविले. महायुद्धानंतर पाश्चात्त्य शास्त्रज्ञ या कामीं लागले, आणि हें द्रव्य निरोगी झाडेंही स्वतः तयार करतात, असें कळून आलें. तें वनस्पतींचें संप्रेरक होय.

नुकताच काढलेला बटाटा कांहीं आठवडे झोंपेंत असतो. मातींत पुरला तरी डोळ्यांतून कोंब फुटत नाहींत. डोंगराळ मुलखांत पावसाळ्याअखेर निघणारें बेणें मैदानांतील हिवाळी लागणीस याच कारणानें अडत असे. दहा लाख भाग पाण्यास एकदोन भाग जिबरेलीन, इतक्या पातळ द्रावणांत बुडविलें कीं तें लवकर जागें होतें.

एवढ्यावरून तेंच औषध उभ्या पिकावर फवारल्यास उत्पन्न वाढेल, असें मात्र कोणीं मानूं नये. दिवस आंखूड व रात्री थंड झाल्या कीं झाडांतील जिबरेलीन घटतें, आणि मातींतील फांदीचें टोंक फुगून बटाटा धरतो. त्या वेळीं तें बाहेरून दिल्यास पाला उंचावतो, बटाटा उशिरां धरतो व पुष्कळदां लांबट होतो. जपानी खाचरांतील वेडेपणच येथें अवतरतें! उलट, जिबरेलीनची निर्मिती रोखणारीं पॅक्लोब्युट्राझोलसारखीं द्रव्यें कंद धरण्यास साह्य करतात. परंतु तीं जमिनींत दीर्घकाळ टिकतात, म्हणून पुढील पिकाचाही विचार करावा लागतो.

संप्रेरक हें खत नव्हे, हुकूम आहे. पोषण नसेल तेथें नुसता हुकूम काय करणार? धानानंतर बटाटा लावूं पाहणाऱ्यानें आधीं निचऱ्याची भुसभुशीत जमीन, निरोगी बेणें व थंड रात्री पाहाव्या; बाटलीकडे त्यानंतर वळावें.